माईक आपला, कागद कोणाचा?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, मला दिलेला विषय आहे ‘समाजाचा आवाज आणि माध्यमं’. या विषयावर बोलायला उभं राहिलं की बहुतेक जण टीव्हीवर आपल्याबद्दल काय दाखवतात ते सांगतात. ते तुम्ही रोज पाहता, त्यावर तुमच्यातलं कुणीही माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. मी आज परवाना, ट्रस्ट, सह्या आणि फायली यांच्याबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष आहे, जेवणानंतरच्या सत्रात तर जास्तच. पण गेली अकरा वर्षं मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रात काम करते. माझा अनुभव असा आहे की असं केंद्र माईकवर काय बोललं गेलं म्हणून सहसा बंद पडत नाही. फायलीत जे असायला हवं होतं ते नसल्यामुळे बंद पडतं.

आधी सामुदायिक रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे रेडिओ तीन प्रकारचा आहे. आकाशवाणी सरकारी. खासगी एफएम कंपन्यांचं, लिलावात कोट्यवधी रुपये मोजून घेतलेलं. आणि तिसरा आमच्यासारखा: शंभर वॉटची ताकद, तीस मीटरपर्यंतचा टॉवर, आवाज पोहोचतो साधारण दहा किलोमीटरपर्यंत. नफा कमवायचा नाही आणि कार्यक्रम त्या परिसरातल्या लोकांनीच, त्यांच्याच बोलीत करायचे. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. हरियाणातल्या नूह भागात मेव मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. तिथे रेडिओ मेवात २०१० साली सुरू झाला आणि घाघस गावातून अल्फाज-ए-मेवात २०१२ साली. ज्या भागाचं नाव बाहेरच्या बातम्यांत फक्त तंट्यामुळे येतं, तिथल्या बायका आणि शेतकरी या केंद्रांवरून पाणी, शाळा, रेशन यांवर स्वतः बोलतात.

ही केंद्रं सहज मिळालेली नाहीत. इंग्रजांच्या १८८५च्या तार कायद्याने बिनतारी संदेशवहनाचा हक्क सरकारकडे ठेवला आणि स्वातंत्र्यानंतरही तो तिथेच राहिला. आता २०२३चा दूरसंचार कायदा त्याची जागा घेतो आहे, पण परवानगीशिवाय लहरी वापरता येणार नाहीत हे तत्त्व बदललेलं नाही. मध्ये एक महत्त्वाचा दिवस येऊन गेला, ९ फेब्रुवारी १९९५. वाद होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगाल क्रिकेट असोसिएशन यांच्यातला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच व्हायला हवा. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. लहरी सरकारच्याही नाहीत आणि कंपन्यांच्याही नाहीत, लोकांच्या आहेत, हे त्या दिवशी कागदावर आलं.

पण कागदावर येणं आणि हातात येणं यात अकरा वर्षं गेली. २००२च्या डिसेंबरात सरकारने फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र १ फेब्रुवारी २००४ला सुरू झालं. सामाजिक संस्थांसाठी दार उघडलं ते नोव्हेंबर २००६मध्ये.

त्या मधल्या काळातल्या दोन गोष्टी सांगते, कारण आजचा सगळा मुद्दा त्यांत आहे.

पहिली बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावची. राघव महतो हा रेडिओ दुरुस्त करणारा तरुण. त्याने दुकानात बसून पन्नासेक रुपयांच्या सुट्या भागांतून ट्रान्समीटर तयार केला आणि गावासाठी केंद्र सुरू केलं. गाणी लागायची, पोलिओ-एचआयव्हीची माहिती सांगितली जायची. लोकांचा जीव त्या केंद्रावर जडला. २००६ साली बाहेर बातमी आली आणि परवाना नाही म्हणून ते बंद करण्यात आलं. राघवला परवाना मिळण्याची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही. एकट्या माणसाला सामुदायिक रेडिओ मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो.

दुसरी गोष्ट तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावची. तिथल्या दलित शेतकरी बायकांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने, युनेस्कोच्या मदतीने १९९८मध्ये केंद्र उभं केलं. इमारत होती, यंत्रं होती, शिकलेल्या मुली होत्या. फक्त परवाना नव्हता. त्या दहा वर्षं कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत राहिल्या आणि टेपरेकॉर्डरवर गावोगावच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. शेवटी परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर २००८ला संघम रेडिओ हवेत गेला. सामाजिक संस्थेने चालवलेलं देशातलं पहिलं केंद्र ते.

राघवकडे कला होती आणि ऐकणारे लोकही होते. माचनूरच्या बायकांकडेही तेच होतं, शिवाय एक संस्था होती, जी दहा वर्षं टिकून राहिली. एक केंद्र संपलं आणि दुसरं उभं राहिलं, यातला फरक मला तरी तिथेच दिसतो.

आता मालकीकडे येते. सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीलाच एक तत्त्व दिलं आहे. केंद्राची मालकी आणि व्यवस्थापन यांची रचना अशी हवी की ज्या समाजासाठी केंद्र आहे त्याचं प्रतिबिंब तिच्यात दिसेल. वाक्य फार चांगलं आहे. पण परवानगीचा करार, ज्याला आम्ही सगळे ‘गोपा’ म्हणतो, तो होतो मंत्रालय आणि संस्था यांच्यात. संस्था म्हणजे प्रत्यक्षात कोण? महाराष्ट्रात बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. तिथल्या परिशिष्ट एकवर, म्हणजे शेड्यूल वनवर, ज्या पाच-सात विश्वस्तांची नावं आहेत, कायद्याच्या नजरेत संस्था म्हणजे ते. हा करार दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. त्यामुळे विश्वस्त भांडले म्हणून केंद्र उचलून शेजारच्या संस्थेत नेता येत नाही. केंद्राचं नशीब त्या सात नावांशी बांधलेलं असतं.

आमच्या केंद्राचं काय झालं ते सांगते. संस्थेचं नाव घेत नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांतली बरीच भली आहेत. संस्था जुनी, शाळा चालवणारी. अध्यक्षसाहेबांना रेडिओची हौस होती, त्यांनी अर्ज केला, मंजुरी आणली. ते गेले आणि दोन गट पडले. दोन्ही गटांनी आपापली सर्वसाधारण सभा घेतली, आपापली कार्यकारिणी निवडली आणि दोघांनीही धर्मादाय कार्यालयात आपापला चेंज रिपोर्ट दाखल केला. कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो कळवायचा. कळवला दोघांनी, पण दोन वेगवेगळे बदल कळवले. मग हरकती, तारखा, पुन्हा तारखा. शेड्यूल वनवर नावं जुनीच राहिली. त्या सातांतले दोघे कब्रस्तानात होते, एक जण मुलाकडे परदेशी गेलेले.

नेमकी याच काळात आमच्या परवानगीची मुदत संपत आली. नूतनीकरणासाठी पदाधिकाऱ्यांची ताजी यादी आणि अधिकृत सही लागत होती. यादी कोणाची द्यायची? दोन्ही गटांनी आपली यादी पाठवली. मंत्रालयाने विचारलं, यातली खरी कोणती? बँकेनेही तेच विचारलं आणि खात्यावरचे व्यवहार थांबवले. पैसे खात्यात होते, पण स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क भरता येईना, वीजबिल भरता येईना. मुदत संपली त्या रात्री आम्ही ट्रान्समीटर बंद केला. लोक म्हणाले, चालू ठेवा, कोण बघतंय? पण परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे. आणि आपल्या मोहल्ल्यातून बेकायदा रेडिओ चालतो ही बातमी कशी आणि कुठल्या शब्दांत छापून येईल, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

सात महिने केंद्र बंद होतं. त्यात काय गेलं ते ऐका. दुपारी दोनला बायकांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक नर्सताई बाळंतपण, रक्त कमी असणं, मुलींचं लवकर लग्न यांवर साध्या भाषेत बोलायच्या. ज्या घरात बायकांच्या हातात स्वतःचा मोबाइल नाही, तिथे हा आवाज चुलीजवळ पोहोचायचा. दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळी गणित लागायचं. नगरपालिकेचं पाणी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी, हे सकाळी सांगितलं जायचं. हे सगळं थांबलं. आमच्या सहा जणांच्या गटातली दोन मुलं या सात महिन्यांत पुण्याला नोकरीला गेली, ती परत आली नाहीत. त्यांना कोणत्या तोंडाने थांबा म्हणणार?

तोडगा कसा निघाला? वकिलांकडून नाही निघाला. ज्या बायका कार्यक्रम करायच्या आणि ऐकायच्या, त्या एक दिवस एका गटाच्या चाचांकडे गेल्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाच्या चाचांकडे. त्यांनी एकच मागणी केली: शाळेचं भांडण तुम्ही कयामतपर्यंत चालवा, पण रेडिओच्या कागदावर दोघं मिळून सही करा. दोन-तीन महिने हे चाललं. शेवटी दोन्ही बाजूंनी धर्मादाय कार्यालयात संयुक्त पुरशिस दिली, मधल्या काळासाठी सह्यांचे अधिकार ठरले, आणि कागद पुढे सरकला. त्या बायकांचं नाव संस्थेच्या एकाही कागदावर नव्हतं. सूचनांमधलं ते चांगलं वाक्य आठवा: समाजाचं प्रतिबिंब मालकीत दिसायला हवं. आमच्याकडे ते मालकीत नव्हतं, दाराबाहेर चपला काढून बसलेलं होतं.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न असेल. आपा, ही घरची भांडणं ठीक, पण आपलं नाव पाहूनच फाइल अडवली तर? प्रश्न रास्त आहे. बिगरसरकारी संस्थेच्या अर्जाला गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. या बाबतीत केरळच्या मीडियावन या वाहिनीचा खटला प्रत्येकाने वाचायला हवा. ती दूरचित्रवाणी आहे, मोठी आहे, पण प्रश्न परवान्याचाच होता. ३१ जानेवारी २०२२ला तिचं प्रक्षेपण थांबवलं गेलं. गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली, कारणं वाहिनीला सांगितली नाहीत, न्यायालयाला बंद पाकिटात दिली. केरळ उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात ५ एप्रिल २०२३ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी तो रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेऊन माणसाचे हक्क नाकारता येत नाहीत, सरकारवर टीका करणं हे परवाना नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि चार आठवड्यांत नूतनीकरण करायचा आदेश दिला.

या निकालातून दोन गोष्टी घ्या. अन्याय होतो, हे खरं. आणि त्याच्याविरुद्ध लढता येतं, हेही तितकंच खरं. पण लढायचं तर आपली बाजू कागदावर स्वच्छ हवी. ज्यांची घटना जुनी, हिशेब तपासलेले नाहीत, विश्वस्तांची नावं अद्ययावत नाहीत, त्यांना नाकारायला कुणाला बंद पाकिटाची गरजच पडत नाही. साधा शेरा मारला की पुरतं: कागदपत्रं अपूर्ण.

पैशाचंही थोडं सांगते, कारण मालकीचा रस्ता तिथूनही जातो. सामुदायिक रेडिओला सुरुवातीला तासाला पाच मिनिटं जाहिरातींची मुभा होती, पुढे ती सात झाली आणि २०२४च्या सुधारित सूचनांनी बारा. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो ७४ केला. २०१२मध्ये स्पेक्ट्रमचं वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केलं होतं. देशभरच्या छोट्या केंद्रांनी मिळून आवाज उठवला, निषेध म्हणून प्रक्षेपण बंद ठेवलं, आणि सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. एकेकट्या केंद्राने पत्रं लिहिली असती तर ती कुठल्या तरी टेबलावर पडून राहिली असती. पण रोजचं गणित आजही अवघड आहे. आणि जिथे पैसा कमी पडतो तिथे एखादा पुढारी, एखादा बिल्डर प्रेमाने पुढे येतो. तो मालकी मागत नाही. सकाळच्या कार्यक्रमात फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा मागतो. मग निवडणूक येते. राजकीय पक्षांना आणि त्यांच्या संलग्न संघटनांना हा परवाना मिळत नाही, आपल्या बातम्या द्यायलाही मनाई आहे, आकाशवाणीच्याच बातम्या देता येतात. अशा वेळी एका माणसाच्या पैशावर चालणारं केंद्र त्याच माणसाच्या तोंडाने बोलायला लागतं. आम्ही त्यापेक्षा शंभर घरांकडून महिन्याला वीस रुपये घेतो. दोन हजार रुपये म्हणजे काहीच नाही, मान्य. पण वीस रुपये देणारी बाई हक्काने येऊन विचारते, ‘काल कार्यक्रम का नाही झाला?’ तो प्रश्न मला दोन हजारांपेक्षा मोलाचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? यूट्यूब आहे, इन्स्टा आहे, तिथे परवाना लागत नाही. जरूर करा. पण मालकीचा प्रश्न तिथेही तसाच आहे. तुमच्या मोहल्ल्याचं चॅनल कोणाच्या ईमेलवर उघडलंय? पासवर्ड किती जणांकडे आहे? ज्याच्या मोबाइल नंबरवर ते चालतं तो उद्या रुसला, दुबईला गेला, तर चॅनल कोणाचं? शेड्यूल वनचंच हे नवं रूप. आणि ज्या बाईच्या हातात मोबाइल नाही, ज्या शेतात नेट नाही, तिथे अजूनही दोनशे-तीनशे रुपयांचा रेडिओ बोलतो आणि ऐकायला पैसे लागत नाहीत.

मग करायचं काय? चार कामं सांगते. रेडिओ काढायचा नसला तरी करा.

एक, तुमच्या गावात आपली कोणती संस्था आहे ते शोधा: शिक्षणसंस्था, वाचनालय, जमातची कमिटी, पतसंस्था. तिचं शेड्यूल वन मागा आणि वाचा. त्यात किती जण हयात आहेत, एक तरी बाई आहे का, चाळिशीच्या आतलं कुणी आहे का, ते पाहा.

दोन, सभासद व्हा. बाहेरून नावं ठेवणं सोपं असतं. वर्गणी भरा, पावती घ्या, सर्वसाधारण सभेला जा, इतिवृत्ताची प्रत मागा. वडीलधारे चिडतील, ‘कालची पोरं आम्हाला हिशेब विचारतात’ म्हणतील. अदब ठेवून पुन्हा विचारा.

तीन, रेडिओचा विचार असेल तर आधी संस्था नीट करा. अर्ज करायला संस्थेचं किमान तीन वर्षांचं काम लागतं. ही तीन वर्षं वाट पाहण्यात घालवू नका. माचनूरच्या बायकांसारखे कार्यक्रम तयार करा, गल्लीत ऐकवा, चुका तिथेच होऊन जाऊ द्या. आणि २०२४च्या सूचनांप्रमाणे केंद्राच्या सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या महिला हव्यात. ती जागा कुणाच्या तरी बेगमला कागदावर बसवून भरू नका. ज्या कार्यक्रम करतात त्यांनाच द्या.

चार, फाइल एका माणसाच्या कपाटात ठेवू नका. आम्ही आता प्रत्येक कागदाच्या तीन प्रती तीन घरांत ठेवतो. मुदतीच्या तारखा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या वाचतो. आणि संस्थेच्या घटनेत दुरुस्ती करून कार्यक्रम करणाऱ्यांना आणि श्रोत्यांना सभासदत्व देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही, त्यालाही हरकत आलेली आहे. पण हरकतीच्या सुनावणीला मागच्या वेळी एकोणीस बायका हजर होत्या, आणि या वेळी बसायला खुर्च्या मागून घेतल्या.

आपल्याकडे म्हणायची सवय झाली आहे की आमचा आवाज दाबला जातो. जिथे दाबला जातो तिथे बोलूच. पण तुमच्या गावातला एखादा आवाज फक्त चेंज रिपोर्टसाठी अडकून पडलेला असेल, तर त्याची जबाबदारी दिल्लीवर टाकता येणार नाही. सोमवारी धर्मादाय कार्यालय उघडतं. आधी तिथे जाऊन या. नंतर माईकबद्दल बोलू.